रेडिओवरचा गाडीवाला

डेपोत त्याला सगळे हवालदार म्हणत. पोलिसात तो एक दिवसही नव्हता. तो बस चालवायचा. पण चहा जरा उशिरा आला तरी तो कुठून आला, कुणी आणला, वाटेत कोण भेटलं, अशी चौकशी सुरू व्हायची की बिचाऱ्या चहावाल्याला आपण गुन्हा केल्यासारखं वाटे. घरीही तेच. बायको बाजारातून आली की पिशवीत काय आहे यापेक्षा ती कुठल्या रस्त्यानं आली, याची त्याला जास्त उत्सुकता. त्यात वाईट हेतू काही नाही, माणसानं सावध असावं एवढंच, असं तो म्हणे. आता हा सावधपणा झोपेतही उतरत नसेल तर त्याला काय म्हणायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

अशा माणसाच्या पदरी एक गुपित यावं, हीच मोठी गंमत. गेल्या थंडीपासून त्याला एक विचित्र त्रास सुरू झाला होता. सकाळी डेपोत यायचं, हजेरी लावायची, बसमध्ये चढून सीटवर बसायचं, इथवर सगळं ठीक. पण चावीकडे हात न्यायचा म्हटलं की हात पुढे जायचा नाही. छाती धडधडायची, तोंड कोरडं पडायचं, तळव्यांना घाम सुटायचा. अपघात झालेला नव्हता, साहेबांशी वाजलेलं नव्हतं, घरात कुणी गेलेलं नव्हतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण हुडकून काढणाऱ्या माणसाला याचं कारण काही सापडेना, आणि त्यालाच तो जास्त भ्यायला होता. मग तो फडकं काढायचा आणि समोरची काच पुसत बसायचा. आतून पुसायचा, खाली उतरून बाहेरून पुसायचा, पुन्हा आतून. तेवढ्यात धडधड ओसरायची आणि बस निघायची. डेपोच्या इन्चार्जनं एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, "काच कशी असावी, ते याच्याकडून शिका." हवालदार मान खाली घालून उभा राहिला. लोकांना वाटलं, काय विनयशील माणूस!

हे बाहेर फुटलं तर आपलं स्टिअरिंग जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मागे एका ड्रायव्हरला चक्कर येते असं कळलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला स्टोअरमध्ये टायर रचायला बसवला. अजून बसलाय. कुणी त्याच्याशी वाईट वागत नाही, पण त्याला हाक मारताना सगळ्यांचा आवाज हळू होतो, आजारी माणसाशी बोलताना होतो तसा. हवालदाराला ती हळू हाक नको होती. म्हणून त्यानं कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

आणि मग ते रेडिओवर आलं.

हवालदार राहायचा त्या वस्तीचं स्वतःचं रेडिओ स्टेशन होतं. ही माणसं शहराच्या आधीची. शहर नंतर आलं आणि चहूबाजूंनी त्यांना वेढून बसलं. शहराच्या रेडिओवर गाणी होती, बातम्या होत्या, सोन्याचे भाव होते, पण वस्तीच्या बोलीतला एक शब्द शोधून सापडायचा नाही. म्हणून वाचनालयाच्या वरच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून, वस्तीनं आपला रेडिओ सुरू केला होता. पाणी कधी येणार, कुणाकडे बाळ झालं, कुणाची सायकल हरवली, सगळं त्यावर. आणि आठवड्यातून एका संध्याकाळी दवाखान्यातल्या सिस्टरचा कार्यक्रम: "बरं आहे ना?"

सिस्टर वस्तीतलीच. शहरातल्या डॉक्टरसमोर परक्या भाषेत माणूस काय सांगणार? "कसंतरी होतं," एवढंच. मग डॉक्टर पित्ताची गोळी देणार. अर्ध्या वस्तीनं आपलं दुःख पित्त समजून गिळलं होतं. सिस्टरला मात्र लोक आपल्या बोलीत सांगत; दवाखान्यात सांगत, फोनवर सांगत, पाण्याच्या रांगेत कानाशी लागून सांगत. ती ते रेडिओवर स्वतःच्या तोंडानं सांगायची आणि त्यावर काय करता येईल, ते समजावायची. नाव कधीही घ्यायची नाही. पण बोली बोलणारी माणसं मोजकी, प्रत्येकाला प्रत्येकाची खडान्‌खडा माहिती. त्यामुळे सिस्टरचा कार्यक्रम संपला की वस्तीत दुसरा कार्यक्रम सुरू व्हायचा: कोण असेल बरं?

त्या संध्याकाळी हवालदार स्वयंपाकघरात जेवायला बसला होता आणि बायको खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. ती हॉटेलांच्या लाँड्रीत रोज सकाळी आणि काही दिवस संध्याकाळीही इस्त्री करायची, आणि घरी येऊनही तिचे हात घड्याच घालत. सिस्टरचा आवाज आला.

"एक गाडीवाले भाऊ आहेत आपले. कामाला दांडी नाही, व्यसन नाही. पण कामावर गेले की गाडीत बसून राहतात. हात चालत नाही. छातीत धडधडतं, घाम फुटतो. कुणाला कळू नये म्हणून उगाच काच पुसत बसतात. घरात सांगावं म्हटलं, तर घरची बाई कसे आहात असं कधी विचारत नाही. कुठे होतात, एवढंच विचारते."

हवालदाराच्या घशात घास अडकला. त्यानं पाणी प्यायलं, ते भलतीकडे गेलं, आणि तो खोकत राहिला. एरवी बायको पाठीवर थाप मारायला धावली असती. आज ती उठली, रेडिओचा आवाज कमी केला आणि घड्या तशाच टाकून आतल्या खोलीत निघून गेली.

झालं. हवालदाराच्या मनात पाल चुकचुकली. पाल कसली, पालींचं कुटुंबच आलं राहायला.

काच पुसतो हे कुणाला दिसतं? डेपोतल्या सगळ्यांना. पण का पुसतो हे कुणाला कळेल? जो रोज बघत असेल, लांबून, निवांत, त्याला. आणि लाँड्रीची इस्त्रीची खोली दुसऱ्या मजल्यावर, डेपोच्या भिंतीला लागून. तिची खिडकी थेट आवारात उघडते. बसल्याजागी त्यानं सुतावरून स्वर्ग गाठला आणि तिथे बायको उभी असलेली त्याला दिसली. ते शेवटचं, बायको कुठे होतात म्हणून विचारते वगैरे, तेवढं काही जुळत नव्हतं. त्याची बायको असलं कधीच विचारत नसे. पण ती मीठमिरची सिस्टरनं लावली असणार, असं म्हणून त्यानं ते वाक्य बाजूला सारलं.

आता बायकोला सरळ विचारावं, तर कसं विचारणार? "माझं तू सांगितलंस का," असं म्हटलं की ती म्हणणार, "तुमचं काय?" ती भोळेपणाचं सोंग करणार आणि गुपित आपल्याच तोंडून बाहेर पडणार. तेव्हा तपास आडूनच करायला हवा होता. आडून तपास करण्यात त्याचा हात धरणारा वस्तीत दुसरा नव्हता.

"सिस्टर भेटली होती का गं एवढ्यात?" त्यानं दुसऱ्या दिवशी सहज विचारलं. त्याचं सहज विचारणं म्हणजे खुर्ची ओढून समोर बसणं.

"नाही," बायको म्हणाली. आणि लगेच, "का?"

"काही नाही. बरी बोलते."

"हो. बरी बोलते."

त्यानंतर तिनं भाजी अशी काही चिरली, जणू भाजीवरच तिचा राग होता. आणि त्याच आठवड्यात कंडक्टर त्याला सांगतो, "वहिनींना काल दवाखान्याच्या मागल्या दाराशी पाहिलं, सिस्टरबरोबर. बरं आहे ना सगळं?" हवालदार म्हणाला, "बरंय." पण त्याची कानशिलं तापली. आपल्याशी खोटं बोलली! आणि हा कंडक्टर तरी ही बातमी एवढ्या आपुलकीनं का देतोय? यालाही काही माहीत आहे का? बस चालवताना आरशात तो रस्त्यापेक्षा कंडक्टरलाच जास्त बघू लागला.

एकदा मनात घेतलं की पुराव्यांची काय कमी. बायको कामावर वेळेच्या पुष्कळ आधी निघत होती. डबा जसाच्या तसा परत यायचा, आणि ती म्हणायची, मैत्रिणीनं खाऊ घातलं. फोनवर बोलताना तो खोलीत आला की तिचं बोलणं तुटायचं. रात्री कूस बदलत राहायची. माणसाला मनातलं खातं म्हणतात, ते हेच. हवालदाराला सगळं दिसत होतं. त्याच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नव्हतं, याचा त्या दिवसांत त्याला अभिमानच वाटायचा.

त्यातून बायकोचा भाऊ रेडिओवर मशीन सांभाळायचा. चांगला मिशीवाला, दोन पोरांचा बाप, पण दाजींसमोर त्याची बोबडी वळे. हवालदारानं त्याला रस्त्यातच गाठला.

"काय मेव्हणे, सध्या तुमची ताई येते का रेडिओवर?"

"ताई? नाही बुवा. तिला कुठे वेळ?"

"मग सिस्टरला लोकांचं कोण आणून देतं?"

"दाजी, ते सिस्टरच्या डोक्यात असतं. मी नुसती बटणं दाबतो. आत काय बोलतात, तेसुद्धा मला नीट ऐकू येत नाही."

"कानावर एवढे मोठे हेडफोन लावून ऐकू येत नाही?"

मेव्हण्याचा चेहरा पडला. तो खरंच साधा माणूस होता. त्याला बोलणं ऐकू यायचं, पण तो फक्त आवाज फाटतोय का, तेवढंच ऐकायचा. हे खरं कारण हवालदाराला सांगून पटण्यासारखं नव्हतं, म्हणून तो गप्प बसला. हवालदारानं त्याच्या गप्प बसण्यावरही शिक्का मारला: अख्खं माहेर सामील आहे.

सकाळचा त्रास वाढला. आता काच पुसायचीही चोरी झाली. फडकं हातात घेतलं की वाटे, वरच्या खिडकीतून कुणीतरी बघतंय, आवारातला प्रत्येकजण मनात म्हणतोय, अरे, हाच तो रेडिओवरचा. पुसली तर पकडला जाणार, नाही पुसली तर बस निघणार नाही. एका सकाळी बस इतकी रखडली की इन्चार्ज आपल्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. त्या दिवशी हवालदारानं ठरवलं, बस्स. आता मुळाशीच हात घालायचा.

तो ड्युटी संपवून तडक वाचनालयाचा जिना चढला. सिस्टर गाद्यांच्या भिंतींमध्ये टेबलाशी बसली होती, मेव्हणा वायर गुंडाळत होता. हवालदारानं दार लोटलं आणि आवाज चढवला.

"माझं कुणी सांगितलं?"

सिस्टरनं आधी मेव्हण्याकडे बघितलं. "जा रे, जरा चहा सांगून ये." मेव्हणा वायर तिथेच टाकून निघाला. असा आज्ञाधारकपणा त्यानं जन्मात दाखवला नसेल.

"काय तुमचं, दादा?" मग सिस्टर म्हणाली.

"तेच. गाडीवाल्याचं. हात चालत नाही, काच पुसतो..." बोलता बोलता हवालदाराची जीभ थबकली. थंडीपासून जे दाबून ठेवलं होतं, ते आता या खोलीत उघडं पडलं होतं, आणि पाडलं होतं त्यानंच. पण माघार घेईल तर तो हवालदार कसला. "मला नाव पाहिजे. कुणी सांगितलं त्याचं. नाहीतर मी तक्रार करेन. वर जाईन."

"करा की. काय म्हणून कराल? माझं गुपित रेडिओवर सांगितलं म्हणून? मग ते आधी विचारतील, तुमचं गुपित काय?"

हा मुद्दा एवढ्या तपासात त्याच्या लक्षात आलाच नव्हता. तो मटकन खाली बसला.

सिस्टरनं त्याला पाणी दिलं. "तुमच्याआधीही येऊन गेलेत लोक. याच कार्यक्रमावरून. सगळ्यांचा प्रश्न हाच, माझं कुणी सांगितलं. मी म्हटलं, वस्तीत एवढी माणसं आतून अशी घाबरलेली असतील, हे मला दवाखान्यात बसून कधी कळलं नसतं."

"मग ते नक्की कुणाचं?"

"जसं सांगितलं तसं कुणाचंच नाही," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज वैतागला होता. रोज तेच समजावून ती थकली असावी. "अहो, वस्ती केवढी आपली. आहे तसं सांगितलं तर त्या माणसाला सकाळी घराबाहेर पडता येईल का? म्हणून मी फिरवून सांगते. बाईचं असेल तर पुरुषाचं करते, पुरुषाचं असेल तर बाईचं. काम बदलते, कामाच्या वस्तू बदलते. नवरा असेल तिथे बायको घालते. हे बाहेर बोलायचं नाही हं, नाहीतर लोक उलटं करून ओळखत बसतील."

"म्हणजे तो ड्रायव्हर नाही."

"तुम्ही नाही, एवढं समजा." तिनं क्षणभर त्याच्याकडे निरखून बघितलं आणि मग मायक्रोफोनवर फडकं टाकलं. ती युक्ती रागाच्या भरात तिच्या तोंडून निसटली की तिनं जाणूनबुजून त्याच्याच पुढ्यात टाकली, हे हवालदाराला पुढेही कधी कळलं नाही. "आणि दादा, तुमचं मी आत्ता ऐकलंय. तुमच्याच तोंडून. उद्या दवाखान्यात या. हे बरं होण्यासारखं आहे."

हवालदार जिना उतरला तो हवेत तरंगतच. जीव भांड्यात पडला होता. आपलं कुणीच सांगितलं नाही! बायको निर्दोष सुटली. त्यानं मोठ्या मनानं तिला माफ करून टाकलं, जणू तिनं अर्जच केला होता. घरी जाताना तिच्यासाठी काहीतरी गोडधोड न्यावं, असंही त्याच्या मनात आलं.

पण डोक्यातलं यंत्र एकदा सुरू झालं की बंद कुठे होतंय. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता त्याच्या मनानं आपणहून उलटापालट करायला घेतली. मग कोण असेल बरं? पुरुष नाही, म्हणजे बाई. गाडी नाही. काच मात्र पुसते... कसली काच? चष्म्याची असेल. आणि घरची बाई नाही, तर घरचा पुरुष. कशी आहेस असं कधी विचारत नाही; कुठे होतीस, एवढंच विचारतो.

असा नवरा वस्तीत कोण, हे चहावाल्यानंही झोपेतून उठून सांगितलं असतं.

तो पायरीवर तसाच उभा राहिला. मागचं गिऱ्हाईक म्हणालं, "आत जायचंय का?" त्याला ऐकूच आलं नाही. बायको चष्मा लावायची. ती लवकर निघायची ती चुगली करायला नव्हे. त्याची जशी गाडी, तसा तिचा लाँड्रीचा जिना; तो चढायला तिला वेळ लागत असणार. डबा तिला जात नव्हता. रात्री कूस बदलत होती ती भीतीनं. त्यानं सगळं बघितलं होतं. एकेक गोष्ट टिपून ठेवली होती. आणि इतकं बघून त्याला एकदाही वाटलं नव्हतं, की हिला बरं नसेल. हवालदाराला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली, आणि ती चांगली झोंबली.

तो लाँड्रीकडे निघाला. तिची संध्याकाळची पाळी सुरू व्हायला अजून अवकाश होता. इमारतीच्या बाजूनं लोखंडी जिना वर जात होता, वरच्या दारातून वाफ आणि साबणाचा वास येत होता. खालच्या पायरीवर बायको बसली होती आणि रुमालानं चष्मा पुसत होती. तो पुसून झाला होता. ती पुसतच होती.

त्याला बघताच ती ताडकन उठली. "मी आत्ताच आले. वाटेत साबण घ्यायला थांबले होते. दुकान बंद होतं. म्हणून मग..."

त्यानं काही विचारलंच नव्हतं.

"बस," तो म्हणाला आणि शेजारी बसला. "मला सगळं माहीत आहे."

हे बोलायला नको होतं. त्याच्या तोंडी हे वाक्य म्हणजे आरोपपत्र. बायकोचा चेहरा दगडासारखा झाला.

"सिस्टरनं सांगितलं? तिला मी हात जोडले होते."

"तिनं नाव घेतलं नाही तुझं. शपथ. मीच ओळखलं."

"कशावरून?"

"त्यातल्या बायकोवरून," हवालदार म्हणाला.

तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. हसली नाही. मग त्यानं धीर केला. "ऐक. मलाही तेच होतं. थंडीपासून. चावीकडे हात जात नाही. म्हणून तर मी काच..."

"पुरे!" ती एवढ्यानं म्हणाली की वरच्या दारातून कुणीतरी डोकावलं. ती आवाज खाली आणून बोलू लागली, पण शब्द तसेच कडक होते. "ही नवी तऱ्हा का? आधी आपलं काहीतरी रचून सांगायचं, मग समोरच्याच्या पोटातलं काढायचं. चहावाल्याशी असंच वागता ना तुम्ही? मला येऊन हसत सांगता. आता माझ्यावर?"

"अगं, रचून नाही. खरं आहे."

"लग्न झाल्यापासून मी तुमच्यापुढे जबाब देतेय. कुठे गेले, का गेले, कुणाशी बोलले. एकदा तरी माझं खरं मानलंत? मग आज मी तुमचं का मानू?"

साक्षीला कुणाला बोलवावं? कुणाला माहीतच नव्हतं. त्यानंच माहीत होऊ दिलं नव्हतं. थंडीपासून इतक्या शिताफीनं सगळं लपवलं होतं, की आता एका माणसाला ते पटवून द्यायची वेळ आली तर हातात काही नव्हतं. आणि त्या एका माणसाला पटलं नाही, तर ती या पायरीवर कायम एकटीच बसणार होती.

"उद्या सकाळी डेपोत चल माझ्याबरोबर," तो शेवटी म्हणाला.

"कशाला?"

"बघायला."

ती आली. का आली, ते तिनं सांगितलं नाही. कदाचित त्याचं खोटं एकदाचं उघडं पाडायलाच आली असेल. कंडक्टर म्हणाला, "वा, वहिनी! आज सहल का?" ती तशीच बसमध्ये चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, त्याचे हात दिसतील अशी बसली. पदार्थ जळतोय का बघायला चुलीपाशी बसावं, तशी.

हवालदार सीटवर बसला. आणि त्याला भलतीच धास्ती वाटली: आज झालंच नाही तर? थंडीपासून रोज तो मनात म्हणत आला होता, आज नको होऊ दे. आज हात सुरळीत गेला, बस सुरू झाली, तर सगळी सकाळ कशी सोन्यासारखी! पण मग मागे बसलेली बाई काही न बोलता उतरून जाईल, आणि पुन्हा त्याचा एक शब्दही खरा मानणार नाही. त्यानं हात उचलला. हात गेला. अगदी चावीपर्यंत गेला. बोटांना चावीचा गारवा लागला.

आणि तिथे तो थांबला. छातीची धडधड सुरू झाली. कानात ठोके वाजू लागले, मानेवरून घाम ओघळून कॉलरमध्ये गेला. त्यानं सवयीनं दुसऱ्या हातानं फडकं ओढलं.

मागून तिचा हात आला. तिनं फडकं काढून घेतलं.

"असू दे काच," ती म्हणाली. मग तिनं त्याचा हात धरला आणि दचकली. "अहो, गारठलाय हा!"

तो मान वळवू शकत नव्हता. ती पुढे आली, दांडीला धरून त्याच्यासमोर उभी राहिली, आणि तिनं त्याचा चेहरा बघितला. असा घाम कुणाला ठरवून आणता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"असंच होतं," ती हळूच म्हणाली. "अगदी असंच. मला वाटायचं, मी मरतेय."

"मलाही."

"आणि सांगितलं नाहीत!" ती भडकली आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. "खिडकीतून रोज दिसायचात. मला वाटायचं, यांचं बरं आहे, काच पुसायलासुद्धा यांना एवढा उत्साह."

कंडक्टरनं पत्र्यावर थाप मारली. "हवालदार, निघायचं ना? लोक चढवू?"

फाटकाशी प्रवासी उभे होते. थोडं थांबलं असतं तर धडधड ओसरली असती, रोज ओसरायची. बस निघाली असती, कुणाला काही कळलं नसतं. हवालदारानं ते सगळं मनात बघितलं. मग म्हणाला, "नको. इन्चार्जना बोलाव. आज मी गाडी काढत नाही."

"काय सांगणार त्यांना?" बायकोनं विचारलं.

"हे. जे आहे ते. पण माझ्यानं बोलवणार नाही. तू सांग."

"मी? तुमचं मी सांगू? सगळ्यांसमोर?"

"तू सांग."

"स्टोअरमध्ये बसवतील."

"बसवू देत. दवाखान्यात जातो, बरा होतो, मग परत मागतो गाडी."

ती क्षणभर घुटमळली. मग दारात जाऊन उभी राहिली. इन्चार्ज केबिनमधून येत होते, त्यांच्यामागे चहावाला, दोन मेकॅनिक, फाटकावरची माणसं. कंडक्टरनं घंटीची दोरी सोडून दिली. तिनं मागे वळून नवऱ्याकडे एकदा बघितलं. त्यानं मान हलवली.

"साहेब, ह्यांना बरं नाही," ती म्हणाली. आणि तिनं सांगायला सुरुवात केली, थंडीपासून. हात कसा जात नाही, छाती कशी धडधडते, काच का पुसतात. हवालदार सीटवर बसून ऐकत होता. आठवडाभर तो जिच्यावर याच गुन्ह्याचा संशय घेत होता, ती भर आवारात त्याच्यासमोर तोच करत होती, आणि त्याची छाती हळूहळू मोकळी होत होती.

इन्चार्जनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी हात पुढे केला. हवालदारानं चावी काढून त्यांच्या हातात ठेवली. ते म्हणाले, "दवाखान्यातून आल्यावर मला भेट." आवाज हळू होता. पण तो हवालदाराला वाटला होता तितका लागला नाही.

दोघं फाटकातून बाहेर पडले. रस्त्याला लागल्यावर बायकोनं डोळे पुसले, चष्मा नीट बसवला.

"आता लाँड्रीत माझं तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "माझ्यानंही बोलवत नाही. आणि हे बघा, सांगायला चाललोय आपण. तिथे कुणाची चौकशी करत बसू नका."

"नाही करत," हवालदार म्हणाला. थोडं चालून गेल्यावर त्याला राहवेना. "तिथे मुख्य कोण आहे? म्हणजे, सांगायचं कुणाला?"

ती थांबली, त्याच्याकडे बघितलं, आणि मग त्या बाई कशा आहेत, ते चालता चालता सांगू लागली.